रेघ जरा उजवीकडे

एका हातात सुटकेस, खांद्यावर पुस्तकांचं ओझं... समिना विद्यापीठातून परतली ती थेट जिनाच चढली. खाली अब्बांच्या सीताफळांच्या करंड्यांचा गोड वास घरभर भरला होता आणि वर नमाजची नवी खोली उभी राहिली होती. ती बघायची तिला कोण घाई!

दारात मात्र पाय थबकले. खोलीच्या मधोमध एक तरुण गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून ताणलेल्या दोरीकडं बघत होता. कानामागं पेन्सिल, भुवयांवर फरशी कापल्याची पांढरी धूळ.

“चप्पल...” दोरीवरची नजर न काढता तो म्हणाला, “फरशी ओली हाय.”

समिनानं मुकाट्यानं चप्पल काढली. मग दोरी नीट बघितली, आणि पहिल्या भेटीत कुठलीही शहाणी मुलगी बोलणार नाही ते बोलून गेली.

“रेघ चुकलीय.”

आता त्यानं मान वर केली. रागावायचंच ठरवून केली असावी. पण समोर सेठची लेक बघून राग कुठं ठेवावा ते त्याला कळेना. गुफरान त्याचं नाव. उमापूरचा. तिथं शेजारपाजार सगळा मराठी, त्यामुळं घरातल्या दखनी उर्दूपेक्षा खेड्यातली मराठीच त्याच्या तोंडात आधी यायची.

“मॅडम, नमाजला तोंड मक्केकडं पायजे, म्हणून नकाशावर बीडपासून मक्केपर्यंत पट्टी ठेवली. जेवढा कोन आला तेवढाच होकायंत्र लावून इथं घेतला. केसाचा फरक न्हाई.”

“तेच तर! नकाशा सपाट असतो. पृथ्वी सपाट आहे का?”

“आमच्या उमापूरची तर हाय.”

तिला हसू आलं. ते लपवायला तिनं कोपऱ्यातला रिकामा माठ उचलून पालथा घातला आणि हात पुढं केला. “पेन्सिल.” त्यानं कानामागची काढून दिली.

“माठाचं बूड म्हणजे उत्तर ध्रुव. हे बीड... आणि इकडं, जवळपास याच उंचीवर, मक्का. आता धरा हा दोरा. ताणा.”

दोरा ताणला तसा तो मातीवरून अलगद वर, बुडाकडं सरकला. गुफराननं पुन्हा खाली ओढला. दोरा पुन्हा वर.

“सगळ्यात जवळची वाट ही अशी, जरा उत्तरेकडून जाते,” समिना म्हणाली. “पश्चिमेला तोंड केलं की उजवीकडं. गोलावरची सरळ रेघ अशीच असते. कागदावर ती वाकडी दिसते, त्याला ती काय करणार?”

दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. माठ तो केवढा! दोन डोकी त्यावर वाकली की जवळ येणारच. जिन्यातून खाकरण्याचा आवाज आला. समिनाची अम्मी, हजराबी, पायरीवर लसूण सोलत बसली होती.

समिनाच्या अब्बांना, सत्तारभाईंना, हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “मग इतकी वर्षं आमच्या नमाजा...?”

“कबूल झाल्या, अब्बा. अल्लाहला काय नकाशा लागतो? फक्त नवी रेघ आखतोच आहोत, तर नीट आखू.”

गुफरानला बसवलेल्या दोन ओळी उखडाव्या लागल्या. दुसरा कुणी असता तर करवादला असता. हा पठ्ठ्या शीळ घालत उखडत होता! त्यात रेघ भिंतींना तिरपी गेल्यामुळं कडेची प्रत्येक फरशी वेगळी कापायची, आणि प्रत्येक फरशी कापली की “मॅडम, बघता का जरा?” अशी हाक यायची. मॅडमही बघत. फरशी बघायला जितका वेळ लागतो त्याहून जरा जास्तच बघत.

“एवढ्या दिसांत मशीद उभी ऱ्हायली असती,” सत्तारभाई करंड्या मोजता मोजता कुरकुरायचे.

वर मात्र गप्पा माठावरून निघून पार आभाळात गेल्या होत्या.

“मग पृथ्वी सूर्याभवती कावून फिरती? तो तिला ओढतो म्हणूनच ना?” एका दुपारी त्यानं विचारलं.

“शाळेत तसंच शिकवतात. पण खरं तर कुणी ओढत नाही. सूर्य एवढा जड, की त्याच्याभोवती जागा आणि वेळ दोन्ही वाकलेत. पृथ्वी आपली सरळच चालते. पण जागाच वाकलेली, म्हणून सरळ चालता चालता फेरा होतो.”

गुफरान थापीनं सिमेंटचा थर सारखा करत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, “माझं बी तसंच हाय. सकाळी पाली गावच्या कामाला म्हणून सरळ निघतो... अन् उभा ऱ्हातो तुमच्या दारात.”

“म्हणजे मी जड, असं म्हणायचंय का?”

“तसं न्हाई, मॅडम!” त्याचे कान लालबुंद झाले.

त्या रात्री समिनाला झोप लागली नाही. तिला तो आवडला होता. त्याची धुळीनं माखलेली बोटं, प्रश्न विचारताना तिरकी होणारी मान, न समजलं तर “पुन्यांदा सांगा” म्हणायची त्याची पद्धत... सगळंच. आणि म्हणूनच तिला धाकधूक वाटत होती. लडाखमधल्या डोंगरावरच्या वेधशाळेत तिला संशोधनाची जागा मिळाली होती. सोमवारी निघायचं होतं, ते चांगल्या पाच वर्षांसाठी. गुफरानलाही हे ठाऊक होतं. आजवर आलेला लग्नाचा प्रत्येक पैगाम तिथंच अडला होता. आता माजलगावचा आला होता. घर मोठं, माणसं भली. पण निरोप तोच – मुलीनं आता शिकणं पुरे करावं. माजलगावला ती नाही म्हणणारच होती, त्यात काही अवघड नव्हतं. पण हेच उद्या गुफरान म्हणाला तर?

शेवटची फरशी बसली ती शनिवारी, दिवस मावळताना. पश्चिमेकडं आभाळ केशरी झालं होतं आणि एकच चांदणी उगवली होती. गुफराननं हत्यारं धुतली, पुसली, पिशवीत भरली... आणि परत बाहेर काढून पुसायला लागला. समिना गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती.

“एक इचारू का?” तो म्हणाला.

समिनाला वाटलं, आता हा म्हणणार – जाऊ नका. आणि यानं म्हटलं तर... आपण कदाचित थांबूही. बाकी कुणासाठी नाही, पण याच्यासाठी थांबू, आणि मग जन्मभर त्या डोंगराची आठवण काढत बसू.

“विचारा.”

“लडाख लई उंच हाय म्हणं?”

“खूप.” तिचा आवाज बारीक झाला. “इतकं, की तिथं वेळसुद्धा वेगळा चालतो. पृथ्वीच्या जवळ, खाली, घड्याळ हळू चालतं. उंचावर जरा भराभर.”

“म्हंजी बीडात हळू, अन् तुमच्याकडं भराभर?”

“हो.”

त्यानं फडकं खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडं सरळ, डोळ्यांत डोळे घालून बघितलं.

“मग जा तुमी.”

“काय...?”

“जा. मनासारखं शिका. वाट मला बघायचीय, अन् मी तर खालीच ऱ्हाणार. तुमची पाच वर्षं व्हत्याल तवा माझी जरा कमीच भरतील... तेवढं निभतंय की!”

समिनाला हसू आलं आणि हसता हसता डोळेच भरून आले. “किती कमी, माहितीय? पापणी लवायच्या हजाराव्या हिश्शाएवढीही नाही.”

“बरं, मग पुरी पाच बघतो.”

वाऱ्यानं तिची ओढणी उडाली, तिनं ती सावरली नाही. “तुमच्या अम्मीला पैगाम घेऊन पाठवा आमच्याकडं,” ती म्हणाली. “उद्याच.” आणि त्याचं उत्तर ऐकायलाही न थांबता ती अनवाणीच जिना उतरली. पायरीवर अम्मी बाजूला सरकली. तिनं लेकीचा चेहरा बघितला आणि पाठोपाठ खाली उतरली.

“अब्बा, मला लडाखलाही जायचंय आणि लग्नही करायचंय. दोन्ही.”

सत्तारभाईंच्या हातातलं सीताफळ हातातच राहिलं. “माजलगावकरांनी मानलं?”

“माजलगाव नाही, अब्बा.”

“मग?”

“वर आहे तो.”

“त्याला काय म्हणायचंय ते तरी इचारलंस का, बेटा? एवढ्या लांब, एवढी वर्षं...”

“त्यानं ‘जा’ म्हटलं, अब्बा.” समिना करंडीशेजारी बसली. “आजवर मला कुणीच ‘जा’ म्हटलं नव्हतं.”

 सत्तारभाईंनी सीताफळ करंडीत ठेवलं, हात पुसले आणि हजराबीकडं वळून म्हणाले, “चहा टाक. अन् त्याला खाली बोलव... चहा घेतल्याबगर जायचं न्हाई म्हणावं.”