सात नंबरच्या पुढ्यात

"रचना, सात नंबरचं काय करायचं?"

महेंद्रने ताट पुढे सरकवलं आणि कणीक मळणारे रचनाचे हात जागच्या जागी थांबले. ताटात सहा चिंचोके मांडले होते, तीन पुढे, तीन मागे. म्हणजे समोरच्या संघाच्या सहा मुली. गेली एकोणीस वर्षं प्रत्येक मॅचच्या सकाळी या स्वयंपाकघरात हे असंच चालत आलं होतं. महेंद्र माजिवड्याजवळच्या एका कॉलेजात मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. पण सर्व्हिस कोणावर टाकायची, कोणती मुलगी कुठे कच्ची आहे, हे बोट ठेवून सांगायची ती रचना. लग्नाआधी ती स्वतः जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. कॉलेजात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने कधी ते बोलून दाखवलं नाही, आणि त्यानेही कधी कोणाला सांगितलं नाही.

आज मात्र त्या ताटाकडे बघवत नव्हतं. अंतिम सामना डोंबिवलीच्या कॉलेजाशी होता, आणि त्या संघातली सात नंबरची मुलगी म्हणजे त्यांचीच लेक क्षिप्रा होती!

दोन वर्षांपूर्वी क्षिप्रा बापाच्याच कॉलेजात निवड चाचणीला उतरली होती. सगळ्यांत सरस खेळली. पण 'सरांनी पोरीला घेतलं' असं लोक म्हणतील या धास्तीने महेंद्रने फळ्यावर लावलेल्या बारा नावांत तिचं नाव घातलं नाही. क्षिप्राने ती यादी दोनदा वाचली, घरी आली, आणि त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. पुढच्याच आठवड्यात तिने डोंबिवलीच्या कॉलेजात नाव घातलं. कळव्याच्या त्या दोन खोल्यांत बापलेकीचा सगळा व्यवहार रचनाच्या तोंडून व्हायचा. "बाबांना सांग, मला आज उशीर होईल." "तिला सांग, जेवून जा म्हणावं." मधे उभी राहून रचना दोघांचीही वाक्यं जराशी मऊ करून पोचवायची.

आणि आता ही नवी भीती. अठरा दिवसांपूर्वी सरावात उडी मारून उतरताना क्षिप्राचा उजवा गुडघा वळला. लिगामेंट अर्धं फाटलंय, सहा आठवडे उडी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण अंतिम सामना बघायला राज्याच्या संघाची निवड करणारे येणार होते. "आई, तू कोणाला सांगितलंस तर मी या घरात परत पाऊल टाकणार नाही," क्षिप्रा म्हणाली होती, "आणि बाबांना कळलं तर बघच." पोर दुरावेल या भयाने रचना गप्प बसली. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून ती लेकीच्या गुडघ्याला पट्टा आवळून बांधायची. आपण आई आहोत की वैरीण, हेच तिला उमगत नसे.

आता महेंद्र विचारत होता. उत्तर तिला लख्ख दिसत होतं. चेंडू सात नंबरच्या अगदी पुढ्यात टाकायचा. झेपावून खाली वाकलं की सगळा भार त्या गुडघ्यावर येईल, आणि एका डावात सात नंबर संपेल. सामना जिंकता येईल. आणि तो जिंकला नाही, तर? संस्थेच्या नव्या सचिवांनी महेंद्रला स्पष्टच ऐकवलं होतं, यंदा चषक आला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा कोच. एकोणीस वर्षं दर जूनला नव्याने नेमणूक घेणाऱ्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं असतं?

"सात नंबरवर नको," रचना म्हणाली. "ती सगळं उचलते. लिबेरोवर टाका. मागे, लांब."

"लिबेरोवर?"

वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागे उभी राहणारी, चेंडू उचलण्यातच मुरलेली मुलगी म्हणजे लिबेरो. तिच्यावर मुद्दाम सर्व्हिस कोणी टाकत नाही.

"हो. तिचा डावा हात कच्चा आहे."

तिने पुन्हा कणीक मळायला घेतली. महेंद्र क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणून त्याने ताट बाजूला केलं.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा, मीराबाईंचा आवाज आला. "एका घरात दोन टीमी. म्या म्हातारीनं टाळ्या कुनासाठी वाजवायच्या?"

"दोघांसाठी वाजवा, आई."

"म्हंजी दोघंबी रागावतील."

दुपारी ठाण्याच्या त्या बंदिस्त हॉलमध्ये रचना महेंद्रच्या बाकाच्या बरोबर मागे बसली होती. क्षिप्रा उडी मारायची तेव्हा तिला चेंडू दिसतच नव्हता, फक्त तो पट्टा दिसत होता. प्रत्येक उडीला तिचा श्वास वर जायचा आणि लेकीचे पाय जमिनीला लागेपर्यंत खाली यायचा नाही. लिबेरो एकेक सर्व्हिस लीलया उचलत होती. दोन डाव यांचे, दोन त्यांचे झाले. पाचव्या डावात तेरा-तेरा गुण झाले, आणि महेंद्रने वेळ मागून घेतला.

सहायक प्रशिक्षक विनीत वाकून त्याच्या कानाशी बोलला, पण रचनाला शब्द न् शब्द ऐकू आला. "सर, सात नंबर उजव्या पायावर उतरतच नाहीये. गुडघा गेलाय तिचा. पुढ्यात टाकूया ना, दोन बॉलमध्ये मॅच खल्लास."

रचना जागेवरून अर्धवट उठली.

"ठरलंय तेच चालू दे," महेंद्र म्हणाला.

"पण सर, लिबेरोवर टाकून टाकून आपली वाट लागलीय."

"विनीत, मी सांगितलं ना."

सर्व्हिस महेंद्रच्या संघातल्या ऐश्वर्याची होती. पोर घाबरलेली, तिने लांब मारायला हात उचलला, पण चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला घासला आणि मेल्यासारखा पलीकडे पडला... नेमका सात नंबरच्या पुढ्यात. क्षिप्रा झेपावली. चेंडू उचलला गेला, मागून कोणीतरी तो मारला, डोंबिवलीला गुण मिळाला. पण क्षिप्रा उठली नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून ती फरशीवर तशीच पडून राहिली, आणि तिच्या तोंडून आवाजही निघेना.

तिला उचलून बाहेरच्या बाकावर आणलं. आत डोंबिवलीने पुढचाही गुण घेऊन सामना जिंकला होता. जल्लोष ऐकू येत होता. रचना धावत आली, तर लेकीने तिचा हात झटकला.

"तू सांगितलंस."

"क्षिप्रा, बाळा..."

"सगळी मॅच मागे टाकत होते. ऐन वेळी टाइम-आऊट घेतला आणि पहिलाच बॉल माझ्या पुढ्यात. तुझ्याशिवाय माहीत कोणाला होतं? सांग ना. नवऱ्याची नोकरी वाचवलीस ना?"

चार पावलांवर महेंद्रच्या संघातल्या मुली रडत होत्या. विनीत होता, सचिव होते. मी त्यांना उलटंच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य बोलली असती तरी रचना सुटली असती. पण मग या सगळ्यांसमोर तिचा नवरा बायकोच्या खोटेपणाने हरलेला कोच ठरला असता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. लेकीच्या डोळ्यांतला तिरस्कार तिने अंगावर घेतला...

"माझ्याबरोबर येऊ नकोस," क्षिप्रा म्हणाली, आणि मैत्रिणींनी तिला गाडीत घातलं.

रचना रिक्षाने मागोमाग कळव्याच्या दवाखान्यात गेली आणि पडद्याबाहेरच्या बाकावर बसून राहिली. पाय कायमचा जाईल का? पोर कायमची जाईल का? मैत्रिणी निरोप घेऊन गेल्या, तरी आत जायचा तिला धीर झाला नाही. तासाभराने महेंद्र आला. तिच्याकडे एकदा बघून तो सरळ पडद्याआड गेला.

"क्षिप्रा."

तो आत स्टूल ओढून बसल्याचा आवाज आला.

"बोलू नकोस. ऐक फक्त. आईने मला सांगितलं असतं तर मी आज जिंकलो असतो. तिने मला लिबेरोवर टाकायला सांगितलं. लिबेरोवर, कळतंय तुला? एकोणीस वर्षं माझा संघ तीच खेळवतेय, इतका वेडगळ सल्ला तिने कधी दिला नाही. मला तेव्हाच समजलं, ही खोटं बोलतेय, आणि कोणासाठी बोलतेय."



"मग तरी लिबेरोवर का टाकलंत?" क्षिप्राचा आवाज घोगरा झाला होता.

"दुसरीकडे कुठे टाकणार होतो? जिना चढताना तुझा एक पाय उशिरा पडतो, ते पंधरा दिवस ऐकतोय मी. पोरींचे गुडघे बघण्यात जन्म गेला माझा. तो बॉल ऐश्वर्याच्या हातून चुकला, बाळा. पण तुला खेळू दिलं ती चूक माझी. अडवायला हवं होतं... तू ऐकणार नाहीस म्हणून घाबरलो. तेव्हा यादी लावतानाही घाबरलोच होतो. तुझं नाव पहिलं होतं. आई म्हणाली होती, खोडू नका. मी खोडलं."

"आणि नोकरी?"

"गेली. सचिवांना सांगून आलोय, की तुमचा खरा कोच इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात होता."

रचनाने पदर तोंडात कोंबला. आत काहीतरी हललं, पलंग करकरला.

"आईला बोलवा," क्षिप्रा म्हणाली. आणि मग पडदा बाजूला व्हायच्या आतच तिला हुंदका आवरेना. "आई, मी काय काय बोलले गं तुला... आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस."

रचनाने तिचं डोकं छातीशी धरलं.

संध्याकाळी तिघं घरी आले. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली होती. पुन्हा खेळता येईल का, यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. महेंद्र पहिल्या पायरीशी वाकून उभा राहिला.

"बस पाठीवर."

क्षिप्रा थोडी घुटमळली, मग तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. रचना मागून पट्ट्यातला पाय सांभाळत चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर महेंद्र कठड्याला धरून थांबला.

"जड झालीस गं."

"तुम्ही म्हातारे झालात, बाबा. दम घ्या. मी कुठे पळतेय?"

"उद्यापासून मला वेळच वेळ आहे. रोज चढवीन."

"रोज नको. पडाल."

दोघं वर निघाले. रचना तिथेच पायरीवर बसली. गुरुवारची भीती उरात तशीच होती, जूनची तर आणखी मोठी. पण वरून त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, एकमेकांना कोपरखळ्या मारत चाललेलं. आणि ते ऐकता ऐकता, सकाळपासून दातांखाली दाबून धरलेलं सगळं रडू तिला त्या पायरीवर एकदम आलं.