चार नंबरचे पाहुणे

आधीच सांगतो, ही घडलेली गोष्ट आहे.

माझी पंचाईत अशी की आयुष्यभर मी लोकांना हसवायचं लिहिलं. त्यामुळे मी नुसतं "पाय दुखतोय" म्हटलं तरी लोक हसतात. हसा. पण माझा पाय खरंच दुखतोय, आणि तो का दुखतोय तेच आज सांगायचं आहे.

भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्र लागते हे मलाही ठाऊक आहे. इथे रात्र नव्हती. गेल्या महिन्यातली लख्ख दुपार होती. जेवणं आटोपली होती. धक्क्याला एक नवीकोरी यॉट बांधलेली. वारा नाही, लाट नाही.

आणि त्या यॉटवरच्या चार नंबरच्या केबिनमध्ये कुणीतरी झोपलं होतं...

त्या केबिनमध्ये तेव्हा पलंगसुद्धा नव्हता.

दारात माझी भाची उभी होती. तिची आई गेल्यापासून ती आमच्याकडेच वाढली. सगळे तिला खारू म्हणतात, कारण खारीसारखी ती एका जागी दोन मिनिटं टिकत नाही.

टिकत नसे.

यॉटवर पाहुण्यांची सरबराई करायची, ही तिची नोकरी. कच्ची नोकरी. शनिवारी मालक येणार. बोट आणि माणसं तयार दिसली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा मामाच्या उरावर. 'उरावर' हा शब्द तिचा. माझा नाही. मामीचा असू शकेल.

बोट ताब्यात मिळाली होती. नव्या फ्लॅटचा ताबा ज्यांनी घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. संगमरवरी बाथरूम, सोनेरी नळ, आणि नळाला पाणी नाही. जिन्याचा कठडा उद्या येणार होता. तो रोजच उद्या येणार असे. तीन केबिन तयार होत्या, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. त्यांना मालक येईपर्यंत हात लावायचा नाही. चौथी अगदी टोकाला. तिच्यात पलंग नाही, बेलची वायर नाही, आणि जमिनीवरचं पॉलिश काही केल्या वाळत नव्हतं. पलंग कुठे येणार तेवढं सुताराने चिकटपट्टीने आखून ठेवलेलं.

माणसांचंही काम बाकीच होतं. सगळे एकमेकांना नवे. पहिल्याच दिवशी ट्रे घेऊन निघालेली खारू आणि समोरून येणारा आचारी यांची दारात टक्कर झाली आणि ट्रेमधले सगळे ग्लास गेले.

सरबराईच्या मुख्य होत्या त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. श्रीमंतांच्या बोटींवर केस पिकलेल्या.

"सराव करायचाय," बाई म्हणाल्या. "आणि पाहुण्याशिवाय सराव होत नाही."

"मी बसतो पाहुणा म्हणून," आचारी म्हणाला.

"तू बसलास तर रांधायचं कुणी? खुर्ची रिकामीच राहील. पण तिच्यात कुणीतरी आहे असंच वागायचं. हसायचं नाही. पाहुणे बघतायत असं समजायचं."

मग त्या रिकाम्या खुर्चीला सवयी लावायचं ठरलं. प्रत्येकाने एकेक सांगायची.

"पाणी कोमट लागतं," आचारी म्हणाला. "गरम नको, गार नको. आणि कसंही दिलं तरी परत पाठवतात." त्याने असा माणूस कुठेतरी भोगला असावा.

"बेल दोनदा वाजवतात," कप्तान म्हणाला. "एकदा वाजवली तर विनंती केल्यासारखं होतं."

"दुपारी त्यांना एकट्याने झोप येत नाही," खारू म्हणाली. "झोपून उठेपर्यंत दारात कुणीतरी उभं राहावं लागतं."

सगळे हसले. बाईसुद्धा.

ही सवय खरं तर खारूचीच. आई गेल्यानंतर कितीतरी दिवस ती अशीच झोपायची. दारात मी उभा असायचो.

यॉटवर बूट घालून चढत नाहीत, डेकचं लाकूड खराब होतं. शिडीपाशी टोपली असते. त्यात बूट काढायचे आणि पुढे अनवाणी. टोपली रिकामी बरी दिसेना, म्हणून आचाऱ्याने चार नंबरच्या दारालगतच्या कपाटात सापडलेले काळे बूट आणून ठेवले. जुने, टाचा एका बाजूने झिजलेले.

"कुणाचे रे हे?" बाईंनी बोट बांधणाऱ्या यार्डाच्या सुतारांना विचारलं.

सुतार एकमेकांकडे बघायला लागले.

"आमचे नाहीत," एवढंच म्हणाले.

तर अशा रीतीने पाहुण्यांचं स्वागत झालं. सगळे पांढऱ्या कपड्यांत रांगेने उभे. बाई किंचित झुकून म्हणाल्या, "यावं. बोट आपलीच समजा."

दोन दिवस मजेत गेले. रिकाम्या ताटातलं जेवण 'पाहुण्यांना आवडलं नाही' म्हणून बाई परत पाठवायच्या आणि आचारी खरोखर चिडायचा. बाकीच्या केबिनना हात लावायचा नाही, म्हणून पाहुण्यांना चार नंबर दिलेला. जेवणानंतर खारू तिच्या दारात उभी राहायची. आत पॉलिश ओलं, तेव्हा आत कुणीच जायचं नाही. थोडं थांबायचं, 'झोप झाली' असं समजायचं, निघायचं.

तिसऱ्या दुपारी पँट्रीतली बेल वाजली.

दोनदा.

कुठल्या केबिनमधून बोलावणं आलं ते दाखवणाऱ्या बोर्डावर चार नंबरचा दिवा लागला होता...

वायरमन तिथेच होता. तो म्हणाला, "बाई, चारचा दिवा लागूच शकत नाही. वायर टाकलेलीच नाही अजून."

"मग हे काय आहे?"

"लागलाय खरा," वायरमन म्हणाला आणि त्याने बोर्ड उघडला. चार नंबरच्या मागे काहीच जोडलेलं नव्हतं. मोकळं भोक.

ट्रिंग... ट्रिंग.

वायरमनने हत्यारं पिशवीत भरली. "उद्या येतो," म्हणाला. कठड्यासारखंच.

आचारी म्हणाला, "खारूताई, जा. तुझ्याच केबिनचे पाहुणे आहेत."

कुणी हसलं नाही.

खारू गेली. जाताना सवयीने कोमट पाणी घेऊन गेली, हे तिला नंतर जाणवलं.

चार नंबरचं दार अर्धवट उघडं होतं. जमीन चकचकीत, ओली. आणि त्या ओल्या पॉलिशवर पावलं उमटली होती. अनवाणी. मोठाली. उजव्या पायाचा भार एका बाजूला पडणारी.

दारापासून निघून ती चिकटपट्टीच्या चौकोनापर्यंत गेली होती.

परत आलेली नव्हती.

पळावं असं तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात तिला ऐकू आलं...

श्वास.

जड, संथ, गाढ झोपलेल्या माणसाचा. त्या रिकाम्या चौकोनातून येणारा.

ती एक पाऊल मागे सरकली.

श्वास थांबला.

ती पुन्हा जागेवर आली. श्वास सुरू झाला.

पुन्हा मागे सरकली. थांबला. आणि या वेळी कुणीतरी कुशीवर वळून दाराकडे तोंड करावं तशी जमीन करकरली.

मग ती हललीच नाही. माझी खारू, जी शाळेच्या फोटोतसुद्धा कधी स्थिर आली नाही, ती हातात पेला धरून उभी राहिली. बाईंना ती सापडली तेव्हा बाहेर धक्क्यावरचे दिवे लागत होते. पेला सरळ होता. पाणी संपलेलं होतं.

"मी प्यायले नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात पँट्रीत बेल वाजली. दोनदा. पाहुणे उठले होते. तेव्हा कुठे तिचे पाय सुटले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एकदा बाई स्वतः दारात उभ्या राहिल्या, तर आत श्वास नाही, काही नाही, नुसती बेल वाजत राहिली. खारू येऊन उभी राहिली तेव्हाच थांबली.

"चूक माझी आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "स्वागताचा सराव केला. निरोपाचा राहून गेला."

नळ, कठडा, वायर, पॉलिश. राहिलेल्या कामांत हे एक काम कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सगळे पुन्हा रांगेत उभे राहिले. बाईंनी बूट टोपलीतून काढले आणि टोकं धक्क्याकडे करून शिडीपाशी ठेवले. निरोपाचं शेवटचं वाक्य ज्याच्याकडे ती केबिन असते त्याने म्हणायचं, अशी रीत. सगळ्यांनी माना झुकवल्या. खारू ते वाक्य म्हणाली.

बराच वेळ काही झालं नाही.

मग शिडीची पहिली पायरी दबली... दुसरी दबली... भारी माणूस उतरावा तशी सगळी शिडी खाली गेली आणि सावकाश वर आली.

माना वर केल्या तेव्हा बूट नव्हते.

आचारी तिथेच मटकन बसला. म्हणाला, "पाणी द्या रे कुणीतरी. गार द्या."

शनिवारी मालक आले. कठडाही आला, कधी नव्हे तो. पॉलिश एका रात्रीत वाळलं होतं. मालक खूश झाले, खारूची नोकरी पक्की झाली. बोट पहिल्या सफरीला निघण्याआधी सगळ्यांना चार दिवस सुट्टी मिळाली. खारू घरी यायला निघाली तेव्हा बाईंनी तिला थांबवलं.

"निरोप देताना तू नेमकं काय म्हणालीस गं? मला नीट ऐकू आलं नाही."

"तुम्ही शिकवलंत तेच, बाई. सगळ्या पाहुण्यांना म्हणायचं ते."

"म्हणजे?"

"पुन्हा यावं. मी वाट बघते."

बाईंनी खारूची बॅग उचलून स्वतः धक्क्यापर्यंत आणली. असं त्या कुणासाठी करत नाहीत.

त्याच दुपारी आमच्या घरी जेवणं झाली आणि आमची ही दारातून ओरडली, "अहो, पाहुणे आलेत का कुणी? दारात बूट कुणाचे?"

मी जाऊन बघितले. काळे. टाचा एका बाजूने झिजलेले. टोकं घराकडे.

मला तोवर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मागे वळलो तर खारू आमच्या मधल्या खोलीच्या दारात उभी होती. हातात पेला. खोलीत कुणी नाही. चेहरा पांढराफटक.

"मामा," ती ओठ न हलवता म्हणाली, "मला हलता येत नाहीये."

सगळी हकीकत तिने मला अशी उभ्याउभ्याच सांगितली.

हिने बूट नेऊन कचऱ्यात टाकले. परतून आली तर बूट दारात. मग ही मधल्या खोलीत तोंड करून भरपूर बोलली. मला लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलली होती तसं. "निघा म्हणते ना! परत पाऊल टाकायचं नाही इथे!" मी त्या बोलण्याला आजवर दबकून आहे. आत नुसता श्वास चालू राहिला. ज्याला आपल्या माणसाने 'पुन्हा यावं' म्हटलंय, त्याला तिसऱ्याने 'निघा' म्हणून काय फरक पडतो?

"मग तूच सांग त्यांना," मी खारूला म्हटलं. तिने तोंड उघडलं. पण तेवढ्या शब्दापुरता आवाज फुटला नाही.

रोज जेवणं झाली की दिवेलागणीपर्यंत ती अशीच उभी. चौथ्या दुपारी तिचे पाय घोट्यापाशी सुजलेले होते. संध्याकाळी बोट निघणार होती. ती रडत नव्हती, हे मला जास्त लागलं.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. लहानपणी उभा राहायचो तसाच, चौकटीला खांदा टेकून.

"हळूच सरक," मी म्हटलं. "मी आहे."

"मामा, त्याला कळतं. बाईंना त्याने चालवून घेतलं नाही."

"बाईंना सवय नाही. मला आहे."

ती एक पाऊल मागे झाली. श्वास थांबला.

मी हललो नाही...

खूप वेळाने आत तो सुरू झाला. आधी अडखळत, मग संथ. खारूने बॅग उचलली. दारातून मागे वळून ती म्हणाली, "मामा, येते हं."

"नीट जा," मी म्हटलं. 'ये' म्हणायची हिंमत झाली नाही.

ती गेली. बूट गेले नाहीत.

तिचे फोन येतात. बोट छान चालली आहे, चार नंबरमध्ये पलंग आला, बेलची वायर आली. तिथे आता काहीही होत नाही. मी म्हणतो, इथेही काही होत नाही.

हे कोण आहेत, बूट कुणाचे, यार्डातले सुतार एकमेकांकडे का बघत होते, मला माहीत नाही. एवढंच कळलंय की दुपारी जेवणं झाली की बेल वाजते. आमच्या घराला बेल नाही, कडी आहे.

लिखाण आज जरा विस्कळीत झालं असेल, अक्षरही वाकडं आहे. चौकटीवर कागद धरून लिहावं लागतं. खांदा अवघडतो. पाय दुखतो हे पहिल्याच ओळींत सांगितलं होतं.

आता थांबतो, असं लिहिणार होतो.

तेवढं मनात आलं मात्र... आत श्वास थांबला.