शेजारच्या बाईंचा जबाब

ही घटना खरी आहे. रचायचीच असती, तर पोलीस ठाण्यातल्या जबाबाच्या खोलीइतकी रटाळ जागा कुणी निवडली नसती.

भुतांना मध्यरात्र लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. पंखा घरघरत होता आणि आतल्या खोलीत साहेब जेवून सुस्तावले होते.

जिच्याबाबतीत हे घडलं, तिला आपण थोरली म्हणू. थोरली थापा मारत नाही. तेवढा उत्साहच तिच्यात उरलेला नाही.

तिच्या धाकट्या बहिणीचा खून होऊन एकोणीस वर्षं झाली होती. धाकटी गावच्या दूध केंद्रावर दूध तपासायची. सव्वीस वर्षांची. एका सकाळी केंद्रामागच्या पायवाटेवर सापडली. सायकल शेजारीच, स्टँडवर नीट लावलेली.

खुनी सापडला नाही.

मधल्या काळात अकरा साहेब बदलले. नवा साहेब आला की फाइल उघडायचा, थोरलीला बोलवायचा, तोच जबाब पुन्हा घ्यायचा आणि बदली होऊन जायचा. जबाब तिला पाठ झाला होता. शाळेतल्या कविता विसरली, हा नाही.

या वेळचं बोलावणं शेवटचं होतं. नेहमीचा जबाब, आणि त्याखाली 'तपास बंद करण्यास माझी हरकत नाही' असं लिहून सही.

"कर बाई सही आणि सूट एकदाची," काका म्हणाले होते. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर या दोघींचं सगळं त्यांनीच पाहिलं. आजही त्यांनीच गाडीवरून आणलं होतं आणि बाहेर बाकावर बसले होते. "तू म्हातारी झालीस, मी तर कधीचाच झालोय. किती हेलपाटे घालायचे?"

त्यात खोटं काही नव्हतं. थोरली थकली होती. तिला सही करायचीच होती.

त्या खोलीत प्लग एकच, तोही पलीकडच्या भिंतीत. त्यामुळे कॉम्प्युटरची पाठ भिंतीशी, लेखनिकाचं तोंड कॉम्प्युटरशी, आणि लेखनिकाची पाठ जनतेकडे. ऐकू येईल ते टाइप करायचं, मागे बघायचं नाही, अशी त्याची जुनी पद्धत. "तोंडं बघितली की चुका होतात," म्हणायचा.

थोरली खुर्चीत बसली. शेजारी आणखी एक खुर्ची होती. रिकामी.

"सांगा. मयत बहिणीबद्दल थोडक्यात."

"माझी बहीण शांत स्वभावाची होती."

टक टक टक...

थोरली थांबली.

टकटक थांबली नाही.

"कुणाशी तिचं वैर नव्हतं."

टक टक टक टक... वाक्य केव्हाच संपलं होतं. बोटं चालूच...

वय झालंय बिचाऱ्याचं, हळू चालत असतील, असं थोरलीला वाटलं.

मग तो वास आला... आंबलेल्या दुधाचा. कपडे बदलल्याशिवाय अंथरुणावर बसू नकोस, असं ती रोज ज्या वासाला ओरडायची, तो.

"घरकामात हुशार होती," ती घाईने म्हणाली. "झालं."

टक टक टक टक टक...

"आता झालं," लेखनिक म्हणाला आणि एका सुरात वाचू लागला. "माझी बहीण शांत स्वभावाची होती. मुळीच नव्हते. चिडले की दोन दिवस भांडी आपटायचे."

थोरली त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"कुणाशी तिचं वैर नव्हतं. निम्म्या गावाशी होतं. पाणी घातलेलं दूध मी ज्याच्या त्याच्या तोंडासमोर ओतून द्यायचे. काकांचं दोनदा ओतलं. घरकामात हुशार होती. ताई, पुरे कर. तुझा निळा स्वेटर मीच इस्त्रीने जाळला आणि शेजारणीचं नाव सांगितलं."

स्वेटर...

त्या स्वेटरवरून थोरलीने शेजारणीशी चार वर्षं अबोला धरला होता. हे कुठल्याच जबाबात नव्हतं.

"हे मी नाही सांगितलं."

"तुम्ही नाही. शेजारच्या बाईंनी. मधे बोलू नका म्हणणार होतो, पण त्यांचा आवाज जरा चढा आहे."

थोरलीने शेजारी पाहिलं.

खुर्ची रिकामीच होती...

घाम फुटला. पण घामाच्याही आधी तिला धाकटी आठवली. जबाबातली नव्हे. लाथेने दार उघडणारी, पत्त्यांत हरली की डाव उधळणारी, एकाच वेळी रडणारी आणि खाणारी.

खून झाला त्या दिवशी काकाच म्हणाले होते, "चांगलं तेवढंच सांग. नाहीतर लोक म्हणतील, पोरीचंच काहीतरी असणार." तिने चांगलं तेवढंच सांगितलं. अकरा साहेब एका शांत, निरुपद्रवी मुलीचा खुनी शोधत राहिले. तशी मुलगी त्या गावात नव्हतीच.

"त्यांना विचारा," थोरली म्हणाली, "कुणी मारलं."

लेखनिक वैतागला. "तुमच्याच तर शेजारी बसल्यात. तुम्हीच विचारा की."

तिने रिकाम्या खुर्चीला विचारलं. "केंद्राचा मॅनेजर?"

टक टक. "नाही म्हणतात."

"टँकरवाला?"

टक टक टक. "नाही. तो घाबरट होता म्हणतात."

बाहेर बाकावर काका खोकले.

थोरलीने आवाज एकदम खाली आणला. "काका?"

...

टकटक नाही. पंख्याची घरघरही नाही...

"गेली लाइट," लेखनिक म्हणाला. "सेव्ह केलं नव्हतं."

"ती... ती काय म्हणाली?"

"मशीन बंद पडलं की मी ऐकत नाही, बाई. सवय आहे." मग तो पहिल्यांदाच खुर्ची फिरवून वळला. थोरलीकडे पाहिलं. तिच्या शेजारी पाहिलं. दाराकडे पाहिलं.

"दुसऱ्या बाई कुठून गेल्या?"

दारात तर काका उभे होते. "झाली का सही?"

"नाही," थोरली म्हणाली. "लाइट गेली."

तपास अजून बंद झालेला नाही. बाराव्या साहेबांना तिने नवा जबाब दिला, साडेतीन पानांचा. त्यात भांडी आहेत, स्वेटर आहे, ओतलेलं दूध आहे. एक ओळ ती दर तारखेला सांगायला जाते, आणि तिथे येऊन अडते. गप्प बसणं म्हणजे हो, की नुसतीच लाइट गेली होती, हे सांगायला धाकटी परत आलेली नाही.

दमली असेल तीही.

पुढची तारीख गुरुवारची आहे. न्यायला काका येणार आहेत.