सदतीस अंगठे

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर धुळ्यात माझ्या आतेभावाला, नवलला, विचारा. तो बोलणार नाही. मान खाली घालेल. तेवढ्यावरून समजून घ्या.

मागच्या मे महिन्यातली दुपार. बाराला दहा कमी. अमळनेर-धुळ्याच्या मधली निमटेक वस्ती.

"रस्ता आखावा तर मीच! फूटपट्टीसारखा सरळ!" नवल ऑफिसात छाती ठोकून सांगायचा. धुळ्याजवळ कोरडं बंदर व्हायचं होतं. म्हणजे समुद्र नाही, जहाज नाही, नुसते कंटेनर आणि मालगाड्या. त्या बंदरापर्यंतचा रस्ता त्याने एसीत बसून आखला. थेट निमटेकच्या विहिरीवरून. वस्तीला पाणी तेवढंच.

गावकऱ्यांची बैठक घेऊन संमती आणायची होती. पण बाहेर चव्वेचाळीस डिग्री! नवलने कुठूनशी जुनी मतदारयादी मिळवली, सदतीस नावं उतरवली आणि शाईचा पॅड काढला. हातांची बोटं दहाच. ती संपली तेव्हा त्याने मोजे काढले. पायाचीही संपली तेव्हा पुन्हा हातांवर आला.

कागद तयार झाला. आता फक्त विहिरीवर लाल खूण करायला तो निमटेकला आला होता.

गाडी थांबली...

कुत्रं भुंकलं नाही.

शेळी नाही, कोंबडी नाही. रहाटसुद्धा गप्प.

बाभळीखाली मात्र माणसं बसली होती. म्हातारीकोतारी, ओळीने.

"ये भो," एक म्हातारी म्हणाली. "बठ्ठा उनात. हजेरी ले."

सगळेच आलेत म्हटल्यावर नवल खूश. आयती बैठक! फाईल उघडून तो नावं वाचू लागला. उत्तर अहिराणीत येई, 'शे', म्हणजे 'आहे'.

"उखर्डू नथू?"

"शे."

"द्रौपदाबाई?"

"शे."

सदतीसच्या सदतीस हजर. शेवटचं नाव प्रमिलाबाई. त्याच म्हातारीने हात वर केला. "शे."

मग सगळ्यांनीच हात वर केले...

चारच बोटं. प्रत्येकाच्या हाताला चारच.

"आमना अंगठा कोठे शे, भो?"

नवल एकदाच म्हणाला होता, भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. कारण रागावलेलं कोणीच नव्हतं. हरवलेली चप्पल विचारावी तसं विचारत होते.

त्याने डोळे मिटून हात जोडले. "मी लावले. माझेच. पायाचेसुद्धा आहेत... माफ करा. रस्ता वळवतो."

"साहेब, कोनासंगे बोली ऱ्हायनात?"

मागे वस्तीतले निंबाभाऊ उभे होते. हातात बादली, खांद्यावर दोर.

बाभळीखाली कोणी नव्हतं. पाचोळासुद्धा दबलेला नव्हता.

निंबाभाऊंनी कागद घेतला. "उखर्डू नाना? मरीसन सात वरीस व्हयनात. द्रौपदाअक्का... तीबी गई. हाई तर बठ्ठा मरेल मानसं! जित्ता भेटना नहीत का तुले?"

नवल बुटांकडे बघत राहिला.

"एकच जित्ती शे. प्रमिलाबाई. मनी मावशी. सुरतले पोऱ्याकडे ऱ्हास."

पण तिला तर नवलने आत्ताच...

तेवढ्यात निंबाभाऊंचा फोन वाजला. सुरतेहून.

त्यांनी ऐकून फोन खिशात टाकला. बादली खाली ठेवली आणि तिथेच बसले.

नवल प्रमिलाबाईंच्या तेराव्याला सुरतला गेला. "तुम्ही आईचे कोण?" मुलाने विचारलं. नवल मान खाली घालून पंगतीत बसला, पण ताट तसंच ठेवून उठला.

परत आल्यावर त्याने ऑफिसातल्या वरिष्ठांपुढे, मोतीलाल साहेबांपुढे, सगळं कबूल केलं. वळवलेल्या रस्त्याचा नवा नकाशा वरच्या ऑफिसला पाठवला. तो मंजूरही झाला.

आजही नवल भर दुपारी कोणाचं नाव मोठ्याने वाचत नाही. लग्नपत्रिकासुद्धा बायकोकडे देतो. मीही ही गोष्ट लिहिताना ती सदतीस नावं पूर्ण लिहिलेली नाहीत... उगाच कशाला?

विहीर वाचली. वळलेला रस्ता मोतीलाल साहेबांच्या साडूच्या केळीच्या बागेतून जातो. निलंबनाच्या कागदावर सही साहेबांचीच, नवल सध्या घरीच असतो.