अक्षता आत राहिली

रुक्मिणीचं कोणी म्हणजे कोणी खरं मानलं नाही. नवरा काशीराम म्हणाला, बीपीची गोळी चुकवलीस, कान वाजले असतील. मुलगा नितेश तर हसलाच. आणि त्यांना तिने सांगितलं होतं तेही अर्धंच. रुक्मिणी काही भुताखेतांना भिणारी बाई नव्हे. शाळा चौथीत सुटली, पण मुलुंडच्या अख्ख्या चाळीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

झालं ते भर दुपारी. नातवाच्या बारशाला चार दिवस राहिले होते, म्हणून ती जन्मनोंदीचा कागद आणायला प्रसूतिगृहात गेली. क्लार्क सुबोध तिला बाकावर बसवून जेवायला गेला. समोरच ती खोली, जिथे तिच्या सुनेने, अक्षताने, कळा दिल्या होत्या. रंगकाम काढलेलं, म्हणून खाटा हलवून दाराला कुलूप घातलेलं. डिस्टेंपरचा वास येत होता... आणि त्याच्या खालून दुसरा. ओला, रक्ताचा.

मग आतून आवाज आला. दबका, धापा टाकत.

"आई... काय म्हणतायत डॉक्टर?"

आवाज अक्षताचा. त्या दिवशी अक्षताने हेच विचारलं होतं. चौदा तास कळा देऊन पोरीचा पार पिट्ट्या पडला होता, बाळाचे ठोके उतरत होते. दिशा नर्स कागद घेऊन आली आणि सिझर का करावं लागतंय ते अक्षताला सांगायला लागली, तर रुक्मिणीनेच तिला अडवलं. कशाला घाबरवतेस तिला, मी बघते माझ्या सुनेचं. रुक्मिणीची तीन पोरं गावी सुईणीच्या हातून झाली, तेव्हा तिला कुठे कुणी काय विचारलं होतं? तिने नर्सच्या हातातून कागद घेतला, अक्षताच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, सलाइनचा कागद आहे गं, कर सही.

पोरीने विश्वासाने केली. पोट कापणार हे तिला टेबलावर कळलं.

बाळ वाचलं, तीही वाचली. पण तेव्हापासून अक्षता काही विचारीनाशीच झाली. जेवतेस का? हां. दुखतंय का? हां. नितेशने जाब विचारला तेव्हा रुक्मिणीने बेधडक सांगून टाकलं, त्या दिशानेच फसवून सही घेतली.

"सांगा ना, आई..."

रुक्मिणीने घरी फोन लावला. अक्षतानेच उचलला. मागे बाळ रडत होतं.

"तू घरीच आहेस ना गं?"

"हां."

आणि दारामागून, त्याच गळ्याने, "मला कुठे नेतायत... आई?"

रुक्मिणीला राहवेना. फोन कानाला तसाच धरून ती दाराला चिकटली.

"पोट कापून बाळ काढणार आहेत, बाय माझे. ठोके उतरलेत त्याचे. नाही केलं तर तो हाती लागायचा नाही. पण हो-नाही तूच म्हणायचं... पोट तुझं आहे."

आतली धाप थांबली.

"मग तेव्हा का नाही सांगितलं? सही कुणी घेतली?"

"दिशाने," रुक्मिणी म्हणाली. जीभ आपसूक तिकडेच वळली.

फोनमधलं बाळ एकदम गप्प झालं. मग दारामागून आणि फोनमधून, एकाच दमात, लग्न झाल्यापासून सासूला आईशिवाय दुसरी हाक न मारलेल्या त्या पोरीचा आवाज आला.

"रुक्मिणी."