मामांचं फुलांचं कुंपण

"संध्याकाळच्या आत सगळा कळप हलवा. माझ्या बैलांना लागण झाली तर?" विष्णुपंत मामांनी तात्याबाला फर्मावलं, आणि चारुलताच्या हातातला आंबा हातातच राहिला.

त्रेचाळीस सालची मेची सुट्टी होती. चारुलता आणि तिचा थोरला भाऊ नारायण सांगलीहून वाईजवळच्या मामांच्या मळ्यात आले होते. दर उन्हाळ्यात म्हसवडकडचा तात्याबा मामांच्या रानात मेंढ्या बसवायचा. जमिनीला खत मिळायचं, तात्याबाला धान्य. त्याची मुलगी बना तर चारुलताची जिवाभावाची मैत्रीण! किती साधे आणि सुखाचे दिवस होते ते.

पण यंदा पाच मेंढ्यांचे डोळे पिवळे पडले होते, नाकपुड्या सोलवटल्या होत्या. उन्हात जायलाच त्या तयार नव्हत्या.

"आवं पंत, वाटंतच मरतील त्या," तात्याबा काकुळतीला आला. मामा वळून निघून गेले.

"त्यातली मोरी मेंढी माजी हाय," बना रडू लागली. "एवढीशी हुती तवापासनं म्या संबाळलीया."

"रडू नकोस. मी तपासतो," नारायण ऐटीत म्हणाला.

"तू? तुला साधा ताप बघता येत नाही," चारुलता म्हणाली. "बना, रानात चरणाऱ्या मेंढ्यांतल्या किती आजारी आहेत?"

"येक बी न्हाई. ह्या पाच व्यालेल्या. पिल्लांसंगं दिसभर मेंढरांच्या वाड्यातच असत्यात."

"म्हणजे जे काही आहे ते वाड्यातच आहे!"

तिघं मेंढ्यांच्या वाड्याकडे धावली. काटेरी कुडाची खिंडारं ताज्या फांद्यांनी बुजवलेली होती. मेंढीचं तोंड पोचेल तिथपर्यंत त्या साफ बोडक्या होत्या. वर मात्र पानं शाबूत. चारुलतानं एक पान चुरगळलं. भपकन उग्र वास आला.

"घाणेरी. विषारी असते ही," नारायण हळूच म्हणाला.

"पर बा म्हणत्यात, मेंढरू वंगाळ पाला तोंडात घेत न्हाई," बना म्हणाली.

"ओळखीचा असेल तर. तुमच्या म्हसवडला हे झुडूप आहे?"

बनानं मान हलवली. "न्हाई."

मामांचं लाल-पिवळ्या फुलांचं कुंपण याच घाणेरीचं होतं. आल्यागेल्याला ते कौतुकानं दाखवत. त्यांना सांगायचं कुणी?

शेवटी चारुलताच फांदी घेऊन मामांकडे गेली.

"मामा, ही कुठली हो?"

"माझ्या कुंपणाची. परवाच छाटलं. तात्याबाचा कूड मोडला होता, म्हणून मीच दिल्या फांद्या," मामा खुशीत म्हणाले.

"मग हिची खालची पानं कुणी खाल्ली?"

मामांनी फांदी हातात घेतली. ते वाड्याकडे गेले आणि बराच वेळ वाकून कूड बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच त्या फांद्या ओढून काढल्या, मेंढ्यांना गोठ्याच्या सावलीत आणवलं आणि हिरवा चारा घातला. दुसऱ्या दिवसापासून मुलांना बरोबर घेऊन त्यांनी ते लाडकं कुंपण मुळापासून खणलं, वाळवलं आणि जाळलं. पाखरं बी पसरवतात म्हणून बांधावरची रोपंही उपटली. एक मेंढी गेली. मोरी आणि बाकीच्या तिघी पंधरा दिवसांत चरायला लागल्या.

"ल्येकीनं माजी मेंढरं वाचिवली," तात्याबा म्हणाला, आणि मामांनी चारुलताची पाठ थोपटली. पुढं तिला शाबासक्या पुष्कळ मिळाल्या. पण सगळ्या गड्यांच्या देखत मामा तात्याबाला जे म्हणाले, ते ती कधीच विसरली नाही.

"तात्याबा, रोग तू आणला नव्हतास. मी दिला होता. माझं चुकलं."

एवढा मोठा माणूस असं म्हणू शकतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.