पाणकणसाचा आडोसा

ऑगस्ट २००६, रविवार, सकाळी साडेसहा. चेन्नईतल्या पळ्ळिकरणैच्या दलदलीत उन्मेष गोडबोले गुडघाभर पाण्यात उतरला. कमळपक्ष्याच्या घरट्यासमोरचं पाणकणीस त्याने बाजूला ओढलं, बुटाच्या लेसने बांधून टाकलं आणि फोटो काढले.

बांधावरून त्रिपुरसुंदरी राव हे सगळं पाहत होती.

"अहो सार! बाहेर या!"

दोघं काही रविवार इथे येत होती. तो बँकेच्या बदलीने पुण्याहून आलेला; ती तंजावुरी मराठी, अण्णा नगरच्या शाळेत शिक्षिका. ओळख मान हलवण्यापुरती... आणि एकदा तिच्या फ्लास्कमधल्या अर्ध्या कप कॉफीपुरती.

"आडोसा कुणास विचारून काढलात?"

"फोटोच्या मध्ये येत होता."

"मध्ये येण्यासाठीच उगवला आहे तो! आता कावळ्यास चारही अंडी ताटात वाढल्यासारखी दिसतील."

"मी... पुसतो फोटो. आत्ता, तुमच्यासमोर."

"फोटो पुसल्याने पाणकणीस उभं राहतं काय?"

तो पुन्हा उतरला, गाठ सोडली. मोडलेली पाती उभी राहिली नाहीत. सोनेरी मानेचा, लांब काळ्या शेपटीचा पक्षी दूरच्या पानावर उभा राहिला. घरट्याकडे येईना. कावळे मात्र आले. तिने छत्री उघडून फिरवली. तो ओल्या बुटांनी बांधावर धावत हात हलवू लागला.

"आई कुठे गेली असेल?" त्याने धापा टाकत विचारलं.

"आई दुसऱ्या नवऱ्याकडे. हा बाप आहे. उबवतो हाच, पिल्लं सांभाळतो हाच."

"छान रीत आहे. मला जमेल."

"तुम्हास? अय्यो! तुम्ही अंड्यांचे फोटो काढत बसाल."

तो हसला. तिने ओठ घट्ट मिटले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "तो फोटो तुमच्यासाठी होता. तुम्ही त्या पक्ष्याकडे ज्या नजरेने बघता... वाटलं, फ्रेम करून द्यावा."

तिचे कान तापले — रागानेच, असं तिने ठरवलं.

"म्हणजे यात मलाही गोवलंत! काही द्यायचं तर प्रत्येक बसस्टॉपवर मल्लिगैचे गजरे मिळतात, सार. त्यासाठी कुणाचं घर मोडावं लागत नाही."

"मग उद्या गजरा आणतो."

"उद्या इथे बसायचं. कावळे हाकलायला. कॅमेऱ्याशिवाय."

"आणि बँक?"

"ते तुम्ही बघा."

सोमवारी त्याने रजा टाकली. दुपारी पक्षी अंड्यांवर बसला, हे त्याने तिला फोन करून सांगितलं. "सरि, ठीक," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

मंगळवारी पहाटे दोघं आली. घरटं रिकामं होतं. कवच नाही, तुकडा नाही.

"कमळपक्षी अंडी छातीशी धरून दुसरीकडे नेतो म्हणतात," ती म्हणाली. "मी कधी पाहिलं नाही."

"किंवा मग कावळे..."

"किंवा कावळे." ती त्याच्याकडे वळली. "मी माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

पलीकडच्या पाणकणसाजवळ पक्षी चालत होता. तिने दुर्बीण उन्मेषपुढे धरली. पट्टा तिच्या गळ्यातच होता. बघायचं तर त्याला जवळ सरकावं लागलं. तो सरकला. ती हलली नाही.

सव्वासातला पक्षी पात्यांत शिरला. आठ वाजले तरी तो बाहेर आलेला नव्हता; अंड्यांवर बसला असावा तसा.